सत्तेचाळिसावं पान

परवा गणिताच्या सेमिनारला मी बोललो; टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. त्या माझ्या नव्हत्या, हे दुखणं अजून उतरलेलं नाही.

वेळ चारची, चहा पावणेचारला. म्हणजे सुरुवात चार-बाराला. पुढची सात मिनिटं वायरीने खाल्ली. लॅपटॉपला टाइप-सी, प्रोजेक्टरला व्हीजीए, मधला डोंगल कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. शेवटी कुणाच्या तरी दप्तरातून डोंगल निघाला. प्रोजेक्टर चारास तीन, स्लाइड सोळास नऊ; वरखाली काळ्या पट्ट्या आणि मध्ये मुंग्यांची रांग. पाचला त्याच खोलीत एम.एस्सी.चा तास. राहिली एकेचाळीस मिनिटं.

पहिल्या रांगेत निवृत्त सर. माझं आडनाव कळताच ते मराठीवर आले आणि दुसऱ्याच स्लाइडला, एका हंगेरियन गणितज्ञाच्या नावावर, हात वर. "झेमेरेडी की सेमेरेडी?" इथे चूक माझी. 'सेमेरेडी' एवढं म्हणून पुढे जायचं, तर मी हंगेरियन लिपी शिकवायला बसलो: 'एसझेड' म्हणजे स, नुसता 'एस' म्हणजे श, म्हणून दुसऱ्या एका हंगेरियन गणितज्ञाचं नाव एर्डश. चार मिनिटं गेली.

मग रेग्युलॅरिटी लेमा (लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयासाठीचं सहायक प्रमेय). सेमेरेडींच्या १९७५ च्या प्रमेयाच्या पुराव्यातून आलेला. कितीही मोठा ग्राफ, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, घ्या; त्याचे व्हर्टेक्स (ठिपके) मर्यादित भागांत असे वाटता येतात की बहुतेक जोड्यांमधल्या कडा जणू नाणं उडवून टाकल्यासारख्या दिसतात; अशी जोडी 'रेग्युलर'. भाग किती, हे फक्त एप्सिलॉनवर, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची त्यावर, ठरतं; ग्राफ किती मोठा, यावर नाही.

"किती भाग?"

"मनोऱ्याएवढे, सर."

"कसला मनोरा?"

खडू घेतला. दोन. दोनचा दुसरा घात चार. दोनचा चौथा घात सोळा. दोनचा सोळावा घात ६५,५३६. "पाचव्या मजल्यावरच्या संख्येला १९,७२९ अंक आहेत, सर."

"एप्सिलॉन पॉइंट वन घेतलं तर आपण कितव्या मजल्यावर?"

"मूळ पुराव्यात उंची एक भागिले एप्सिलॉनच्या पाचव्या घाताच्या पटीत. म्हणजे लाखाच्या घरात."

सरांनी खिशातून छोटी डायरी काढली, 'मजला १ लाख' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. "एवढे व्हर्टेक्स आणणार कुठून? म्हणजे तुमचा 'मोठा ग्राफ' अस्तित्वातच नाही!"

"पुरावा सुधारून हे टळणारही नाही, सर. मनोरा अटळ आहे, हे ब्रिटिश गणितज्ञ गावर्सनी १९९७ साली दाखवलं. पण त्यावरच माझं—"

"थांबा, आधी हे संपवू."

संपेना. माझं चौदा महिन्यांचं काम नेमकं हा मनोरा टाळण्याचं. फ्रीझ आणि कन्नन यांचा १९९९ चा दुबळा, म्हणजे कमी दावा करणारा, लेमा वापरला की भागांची संख्या एकाच घातावर थांबते. पॉइंट वनला तो घातांक शंभराच्या पटीत. तीही अवाढव्य, पण निदान कागदावर मावते. सरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पीडीएफच्या सत्तेचाळिसाव्या पानावर तयार होतं, आणि सरांच्याच प्रश्नामुळे तिथे जाता येत नव्हतं.

अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल शहाणा माणूस. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला फळ्यावर दोनचा ६७ वा घात काढला, एक वजा केला, शेजारी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडला, उत्तर तेच, आणि म्हणतात, एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला. उच्चार विचारायलाही वाव नाही.

साडेचारनंतर मागून आवाज: "रेग्युलर जोडीची व्याख्या परत दाखवता?" बीमर (पीडीएफ स्लाइड बनवायचं साधन) वापरणाऱ्याला हा प्रश्न म्हणजे शिक्षा. एकेक ओळ उघडण्यासाठी टाकलेला प्रत्येक 'पॉज' पीडीएफमध्ये वेगळं पान होतो. माझ्या बावीस स्लाइडची एकसष्ट पानं झाली होती. व्याख्या तेवीस पानं मागे. तेवीस वेळा उलटा बाण, आणि प्रत्येक दाबाला एकेक ओळ पुसली जाताना सगळी खोली बघतेय. मग तेवीस वेळा सुलटा. व्याख्येची स्लाइड कॉपी करून पुराव्याच्या आधी पुन्हा चिकटवायची, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. हेही सांगतो की स्वतःचं प्रमेय तिसऱ्या स्लाइडवर टाका, पार्श्वभूमी नंतर.

चार अठ्ठावन्नला दारात एम.एस्सी.ची पोरं. मी एक्केचाळिसाव्या पानावर. संयोजकांनी आभार मानले: "सेमेरेडींचं काम इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल." टाळ्या. सेमेरेडींना २०१२ साली आबेल पुरस्कार मिळालाय. या टाळ्यांवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

बाहेर समोसे. चाळीस मागवलेले, श्रोते अकरा, तरी मला उरला तो फुटका. सर जवळ आले, खांद्यावर हात ठेवला.

"बरं बोललात. आता एक करा, तो मनोरा टाळता येतो का बघा. चांगला पेपर होईल."