अंगठा लागत नाही

परवा दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "कोडला जात नसते. तो चालतो किंवा चालत नाही." निमित्त त्याच्या बाणेरच्या सॉफ्टवेअर ऑफिसचं. बाळंतपणात नोकरी सुटलेल्या बायकांसाठी तिथे काही जागा राखल्यात आणि त्याने म्हणे गुणवत्तेची वाट लागणार. आत्यासकट सगळ्यांनी दादाची री ओढली. मी ट्राममध्ये वाचलं आणि स्टॉप चुकले.

दादा, कोडला जात असते हे मी इथे नेदरलँड्समध्ये राहून पाहिलंय. पाळणाघराचा भत्ता खोटेपणाने कोण उचलतं हे हुडकायला इथल्या करखात्याने 2013 पासून एक संगणकी मॉडेल वापरलं. त्यात एक रकाना होता : अर्जदार डच नागरिक आहे का? नसेल तर संशय वाढायचा. मग एखादी सही राहिली, आपल्या वाट्याचे थोडे पैसे भरायचे राहिले, की पूर्ण वर्षाचा भत्ता परत मागायचे. करखात्याचं निळं पाकीट यायचं, आत हजारो युरोंचा आकडा. हजारो घरं कर्जात बुडाली. त्याच घरांतली हजारावर मुलं त्या वर्षांत सरकारने आईबापांपासून दूर ठेवली. 15 जानेवारी 2021 ला अख्खं मंत्रिमंडळ यावरून पायउतार झालं. आपल्याकडे सॉफ्टवेअरपायी कुणी खुर्ची सोडल्याचं मला तरी आठवत नाही.

तो कोड चालत होता, दादा. तुझ्या व्याख्येने तो उत्तम कोड होता.

आम्हीही लेकीसाठी तोच अर्ज भरला होता, भारतीय पासपोर्टवर. आम्हाला पाकीट आलं नाही. कमी उत्पन्नानेही संशय वाढायचा हे पुढे उघड झालं, म्हणजे आम्हाला पगाराने वाचवलं. रात्री भांडी मशीनमध्ये लावताना अजून मनात येतं : हा रकाना ठरला त्या खोलीत एखादी रॉटरडॅमची तुर्की मुलगी असती, तर "हा कशाला हवाय?" एवढं तरी तिने विचारलं असतं. तिला ते सुचलं असतं, कारण तिच्या आईच्या घरी ते पाकीट येऊ शकत होतं. मी वैविध्य म्हणते ते हे. कुणावर उपकार म्हणून जागा द्या असं मी म्हणतच नाही.

आणि हे फक्त गोऱ्यांचं दुखणं नाही. माजलगावला आजोळी रेशनच्या दुकानात शेजारच्या मावशींबरोबर उभी होते. जन्मभर ऊस तोडून बोटं गुळगुळीत झालेली. अंगठा लागेना. पदराला पुसला, ओला करून लावला, दुसरं बोट लावलं. मशीन नाहीच म्हणत राहिलं. मावशी दुकानदाराला म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकत असंल, दादा." ते मशीन आधी कुणाच्या बोटांवर तपासलं असेल? माझ्यासारख्यांच्या, कीबोर्डवरच्या.

हे सगळं ग्रुपवर टाकायला मी लिहायला घेतलं आणि अडले. कारण 2009 मध्ये पुण्यात मी मुलाखतीच्या पॅनेलवर होते. परभणीकडचा एक मुलगा आला होता. फळ्यावर त्याने आम्ही दिलेला प्रश्न आमच्यापेक्षा सुटसुटीत सोडवला. इंग्रजीत मात्र अडखळत होता. मी शेऱ्यात "कम्युनिकेशन कमी" लिहिलं आणि विषय संपला. रेशनच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस आमच्या त्या मजल्यावर एकही नव्हतं, आणि आलं होतं त्याला मी परत पाठवलं.

आज इथल्या ऑफिसात, टीमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये माझं डच अडखळतं. शब्द सापडेपर्यंत सगळी टीम थांबते. सुरुवातीला त्या थांबण्याचा मला राग यायचा, आता त्याच्यामुळेच मी इथे टिकले असं वाटतं. घर मात्र अजून पुणंच म्हणते मी.

दादा, त्या मुलाचं नाव मला आठवत नाही. आडनाव आठवतं. तो बाहेर गेल्यावर आम्ही त्यावर बोललो होतो.