झारॉफचं सौजन्य खोटं का नाही

नमस्कार,

तुम्ही इतकं सविस्तर आणि पोटतिडकीने लिहिलंत, त्याला दोन ओळींचं उत्तर देणं मला पटेना. इतर वाचकांसाठी आधी विषय सांगतो. रिचर्ड कॉनेल यांची 'द मोस्ट डेंजरस गेम' ही कथा 1924 साली 'कोलियर्स' या अमेरिकन साप्ताहिकात आली. रेन्सफर्ड हा नामवंत शिकारी रात्री बोटीवरून कॅरिबियन समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटाला लागतो. तिथल्या आलिशान वाड्याचा मालक जनरल झारॉफ त्याचं आदराने स्वागत करतो, त्याला जेवू घालतो, आणि जेवता जेवता सांगतो की आपण या बेटावर माणसांची शिकार करतो. दुसऱ्या दिवशी रेन्सफर्डच सावज ठरतो. या झारॉफबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की त्याचं सौजन्य खरं आहे आणि तीच त्याच्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे.

तुम्हाला हे मुळीच मान्य नाही. तुमच्या मते झारॉफ हा सरळसरळ वेडा खुनी आहे. वाइन, पुस्तकं, लंडनहून शिवून आणलेला सूट हा वरचा मुलामा. अशा माणसाचं सौजन्य 'खरं' म्हणणं म्हणजे त्याला मोठं करणं. शिवाय मी रेन्सफर्डला त्याच्या पंगतीला बसवून नायकावर अन्याय केला आणि झारॉफचा नोकर इव्हान याच्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही, असंही तुमचं म्हणणं आहे.

आधी वेडेपणाबद्दल. झारॉफला वेडा ठरवलं की वाचकाची सुटका होते, पण कॉनेल यांनी ती वाट बंद केली आहे. झारॉफ स्वतःचा इतिहास सांगतो तो ऐका. क्रिमियात वडिलांची अडीच लाख एकर जमीन. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती वडील चिमण्या मारायला छोटी बंदूक देतात. मुलगा त्याच बंदुकीने वडिलांचे खास पाळलेले टर्की पक्षी मारतो, आणि वडील रागावत नाहीत, नेमबाजीचं कौतुक करतात. दहाव्या वर्षी कॉकेशसमध्ये पहिलं अस्वल. मग घोडदळातली नोकरी, रशियातली उलथापालथ, देशत्याग. अमेरिकी रोख्यांत पैसा गुंतवलेला असल्यामुळे पॅरिसमध्ये टॅक्सी चालवायची वेळ त्याच्यावर आली नाही. जगभर शिकार करून झाल्यावर त्याला कंटाळा येऊ लागला, कारण सावज कधी निसटतच नव्हतं. जनावराकडे पाय आणि उपजत प्रेरणा, आपल्याकडे बुद्धी, तेव्हा सामना बरोबरीचा होणारच नाही. मग विचार करू शकेल असं सावज हवं, आणि तसा प्राणी एकच आहे. यातली कोणतीही पायरी वेड्याची नाही. पहिलं गृहीतक मान्य केलंत तर शेवटपर्यंत चालत जाता येतं. भ्रमिष्ट माणसाला असा युक्तिवाद रचता येत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत तो हळूहळू उलगडणं तर मुळीच जमत नाही.

रेन्सफर्ड याला खून म्हणतो तेव्हा झारॉफ चिडत नाही. तुमच्यासारखा आधुनिक, सुसंस्कृत तरुण माणसाच्या जिवाबद्दल अशा भाबड्या कल्पना बाळगतो यावर माझा विश्वास बसत नाही, अशा अर्थाचं बोलतो, आणि युद्धातल्या अनुभवाची आठवण करून देतो. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती, आणि कॉनेल स्वतः त्या युद्धात अमेरिकी सैन्यात होते. युद्धामुळे मी थंड डोक्याने केलेल्या खुनाचं समर्थन करायला लागलेलो नाही, असं रेन्सफर्ड उत्तर देतो. उत्तर योग्यच आहे. पण माणसं मारणं हे आपण पुढारलेले असल्याचं लक्षण आहे, असं झारॉफ मनापासून मानतो. त्याची संस्कृती आणि त्याचं क्रौर्य यांच्यात त्याला स्वतःला कुठेच फट दिसत नाही.

आता सौजन्याकडे येतो, कारण आपला खरा वाद इथे आहे. मुलामा म्हणजे आतलं लपवण्यासाठी वर चढवलेलं काहीतरी. झारॉफ काय लपवतो? काहीच नाही. पहिल्याच रात्री तो सगळं सांगून टाकतो. ज्याला काही झाकायचंच नाही त्याला मुलाम्याची गरज काय? म्हणून मी विचारतो की हे सौजन्य कथेत करतं काय.

बेटावर सापडलेल्या माणसाला झारॉफ म्हणतो, चला, शिकारीला जाऊ. त्याला अन्न आणि उत्तम शिकारी सुरा मिळतो. तीन तास आधी निघायची मुभा मिळते. झारॉफ स्वतः सगळ्यात छोट्या पल्ल्याचं पिस्तूल घेतो. तीन दिवस हाती न लागल्यास सावज जिंकलं. आणि नको असेल तर? झारॉफ आग्रह करत नाही. नकार देणाऱ्याला तो फक्त इव्हानच्या हवाली करतो, आणि इव्हान एकेकाळी झारच्या दरबारी चाबकाचे फटके मारायच्या कामावर होता. आजवर सगळ्यांनी शिकारच निवडली, असं झारॉफ समाधानाने सांगतो. पाहा, धमकीचा शब्द त्याच्या तोंडून कधीच येत नाही. मरणाऱ्या माणसाकडूनच तो होकार घेतो, आणि तो होकार मिळाला की त्याच्या दृष्टीने हा खून उरत नाही, दोघांनी मान्य केलेला खेळ होतो. हे सौजन्य काढून घ्या, झारॉफ एका दिवसात साधा कसाई होईल आणि त्याचा त्यालाच कंटाळा येईल. त्याला पाहुणा लागतो. म्हणून ते खरं आहे असं मी म्हणतो. त्याच्या आनंदाची ती अट आहे.

नियमांचा प्रामाणिकपणाही तपासून पाहा. एक जण जवळजवळ जिंकलाच होता, शेवटी कुत्री सोडावी लागली, हे झारॉफ स्वतः सांगतो. म्हणजे हरण्याची वेळ आली की शिकारी कुत्री आहेतच. शिकारीच्या पहिल्या रात्री रेन्सफर्ड झाडावर लपलेला असतो. झारॉफ माग काढत बरोबर त्या झाडाखाली येतो, त्याची नजर बुंध्यावरून इंचाइंचाने वर सरकते, आणि रेन्सफर्ड ज्या फांदीवर आहे तिच्या अलीकडे थांबते. तो हसतो, सिगारेटच्या धुराचं एक वलय सोडतो आणि निघून जातो. त्याने पाहिलं आहे. आज मारलं तर उद्याची मजा जाईल, म्हणून सोडलं. नियम पाळणारा सभ्य खेळाडू असं करणार नाही. नियम त्याच्या रुचीसाठी आहेत, समोरच्याच्या बचावासाठी नाहीत, हे या एका प्रसंगात उघडं पडतं. तुम्ही या प्रसंगाला 'नाट्यमय करामत' म्हणून बाजूला सारलंत, याचं मला वाईट वाटलं. मला तर ही कथेतली सर्वांत कसबी जागा वाटते, कारण सौजन्य कसं असतं आणि ते काय करतं, दोन्ही इथे एका नजरेत दिसतं.

आणि लॅझरस. शिकार सुरू होण्याआधी झारॉफ रेन्सफर्डला मोकासिन, म्हणजे मऊ चामड्याचे जोडे, घालायचा सल्ला देतो, म्हणजे पावलांचा माग कमी उमटेल. बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातली दलदल टाळायलाही सांगतो. एका मूर्खाने तिथून जायचा प्रयत्न केला होता, आणि वाईट म्हणजे लॅझरस त्याच्या मागे गेला. लॅझरस हा त्याच्या कळपातला सर्वांत उमदा कुत्रा. माझं त्याच्यावर प्रेम होतं, माझ्या भावना तुम्ही समजू शकाल, असं तो म्हणतो. इथे तो ढोंग करत नाही. कुत्र्याचं दुःख खरं आहे. त्याच दलदलीत बुडालेल्या माणसाला मात्र त्याच्या वाक्यात 'मूर्ख' यापलीकडे जागा नाही. प्रेम, शोक, काळजी, चांगला सल्ला, सगळं त्याच्याजवळ आहे. फक्त ते कुणासाठी खर्च करायचं हे त्याने ठरवून टाकलं आहे. वेड्या माणसाची भीती मला यापेक्षा कमी वाटते.

पुस्तकांबद्दल तुम्ही लिहिलंत की ती भिंतीवरच्या जनावरांच्या मुंडक्यांसारखीच शोभेची आहेत. मला तसं वाटत नाही. रेन्सफर्ड समुद्रात उडी मारून नाहीसा झाल्यावर झारॉफ उत्तम वाइनसह जेवतो आणि मन शांत करायला मार्कस ऑरेलियस वाचतो. हा रोमन सम्राट स्वतःसाठी टिपणं लिहीत असे, आणि माणसं एकमेकांना साथ देण्यासाठी जन्माला आली आहेत, हात-पाय, पापण्या आणि वरच्या-खालच्या दातांच्या ओळी एकत्र काम करतात तशी, हा विचार त्या टिपणांत अगदी ठळक आहे. त्या रात्री झारॉफने कोणतं पान उघडलं हे कॉनेल सांगत नाहीत. सांगायची गरजही नाही. तो खरोखर वाचतो, त्याला खरोखर शांत वाटतं, आणि वाचलेलं त्याच्या कृतीपर्यंत पोहोचत नाही. चांगलं वाचणारा माणूस चांगला असतो, या आपल्या जुन्या समजुतीला यामुळे जो धक्का बसतो तो 'शोभेची पुस्तकं' म्हटलं की नाहीसा होतो. तो धक्का मला गमवायचा नाही.

त्याला मोठं केल्याचा आरोप राहिला. रेन्सफर्डलासुद्धा जेवणाच्या टेबलावर हा यजमान विचारी, मनमिळाऊ, जग पाहिलेला वाटतो. एकच गोष्ट त्याला खटकते: ताटातून मान वर केली की जनरल आपल्याला न्याहाळत असतो, घोडा घेण्याआधी जाणकार जसा त्याला पारखतो तसा. वाचकालाही आधी टेबलावर बसवल्याशिवाय ही नजर त्याला जाणवणार नाही. झारॉफ आकर्षक वाटतो हे मी मान्य केलं नसतं तर माझं लिहिणं अप्रामाणिक झालं असतं.

इव्हानच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे. मूकबधिर, राक्षसी ताकदीचा, हुकमाचा ताबेदार असा हा नोकर म्हणजे त्या काळच्या साहसकथांतला तयार साचा आहे, आणि कॉनेल यांनी त्याला माणूस म्हणून काहीच दिलेलं नाही. अपंगत्वाचा असा भीतिदायक वापर मलाही खुपतो. पण इव्हानमुळेच आलेली एक जागा दुर्लक्षू नका. झारॉफ म्हणतो की इव्हान साधा माणूस आहे, पण त्याच्या सगळ्या जातीसारखाच थोडा रानटी. तो रशियन आहे का, असं रेन्सफर्ड विचारतो. तो कॉसॅक (रशियातल्या लढाऊ घोडेस्वार समाजातला) आहे, झारॉफ हसून सांगतो, आणि टोकदार दात दाखवत पुढे म्हणतो, मीही. रानटी कोण हे त्याला ठाऊक आहे, आणि ते कबूल करायलाही त्याची हरकत नाही. बेटावर सापडणाऱ्या खलाशांबद्दल मात्र हाच माणूस वंशांची नावं घेत म्हणतो की जातिवंत घोडा किंवा कुत्रा असल्या वीसजणांपेक्षा मोलाचा. हा तिरस्कार झारॉफचा आहे, कथेचा नाही, असं मी मानतो, कारण कथा त्याला लगेच रेन्सफर्डकडून आव्हान देते.

राहिला रेन्सफर्ड. तो आणि झारॉफ एकच आहेत असं मी म्हटलेलं नाही. समोर मरण दिसत असूनही तो खुनाला खून म्हणतो, शिकारीत साथ द्यायला नकार देतो, आणि बेटाबद्दल गप्प राहण्याचं वचनही देत नाही. एवढं धैर्य थोडं नाही. पण कथेची सुरुवात आठवा. जगात दोनच वर्ग, शिकार करणारे आणि शिकार होणारे, हे वाक्य रेन्सफर्डचं आहे. बोटीवर त्याचा मित्र व्हिटनी सावजाला वाटणाऱ्या भीतीबद्दल बोलतो आणि हा ते उडवून लावतो. समुद्रात पडल्यावर त्याला एक किंकाळी ऐकू येते, आणि एवढा मोठा शिकारी असूनही ती कोणत्या प्राण्याची हे त्याला ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर झाडीत रक्त आणि लहान बोअरचं काडतूस सापडतं, तेव्हा एवढ्या हलक्या बंदुकीने मोठं जनावर मारणाऱ्याच्या धाडसाचं त्याला कौतुक वाटतं. झारॉफला भेटण्याआधीच त्याने झारॉफला दाद दिलेली असते. हे सगळं कॉनेल यांनी मांडलं आहे, मी घुसडलेलं नाही.

शेवटही तसाच. रेन्सफर्ड झारॉफच्या शयनगृहात पडद्याआडून बाहेर येतो तेव्हा झारॉफ त्याचं अभिनंदन करतो, तुम्ही जिंकलात म्हणतो. खेळ तिथे संपायला हरकत नव्हती. रेन्सफर्ड नकार देतो: मी अजून कोंडीत सापडलेलं जनावरच आहे, तयार व्हा. झारॉफ झुकून अभिवादन करतो आणि दोघांपैकी एक कुत्र्यांच्या वाट्याला जाईल, दुसरा या पलंगावर झोपेल, असं ठरतं. इतका चांगला पलंग आपल्याला कधी मिळाला नव्हता, असं रेन्सफर्डला वाटतं, आणि कथा संपते. तुम्ही याला निखळ विजय म्हणता. त्याने झारॉफला मारलं याला माझी हरकत नाही. दुसरा इलाज नव्हता, आणि त्याने समोरच्याला सावध करूनच मारलं. मला अडतं ते पुढे. जेवणाच्या रात्री झारॉफने सांगितलेलं असतं की सॅन लुकार या स्पॅनिश जहाजावरचे डझनभर खलाशी वाड्याच्या तळघरात शिकारीसाठी 'प्रशिक्षण' घेत आहेत. रेन्सफर्डला हे माहीत आहे. शेवटच्या पानावर त्यांचा उल्लेख नाही. त्याने त्यांना सोडवलं असं समजायला मला आवडेल, पण कॉनेल आपल्याला फक्त पलंगाचं सुख सांगतात, झारॉफच्या पलंगाचं. तुमच्या वाचनात या डझनभर माणसांचं काय होतं, ते मला जरूर कळवा. विजयाबद्दलचा आपला मतभेद मिटायचा असेल तर तो तिथेच मिटेल.