तीन दारांचे नाटक आणि एक पावतीपुस्तक

आमच्या नाट्यसंस्थेच्या नव्या विनोदी नाटकाला तीन दारे लागतात, असे दिग्दर्शकाने ज्या बैठकीत जाहीर केले, त्याच बैठकीत माझ्या नशिबी देणग्यांचे पावतीपुस्तक लिहिले गेले. नाटकाचा नायक कर्जाला कंटाळून आपण मेल्याची आवई उठवतो आणि दोन अंक सावकारांपासून लपत राहतो. आता लपायचे म्हणजे एका दारातून आत यायचे, दुसऱ्यातून बाहेर पळायचे आणि तिसऱ्यातून नेमका सावकार यायचा, एवढी सोय तरी हवीच, असे दिग्दर्शकाचे म्हणणे पडले. खजिनदाराने एका दारावर भागेल का, असे भीत भीत विचारून पाहिले. त्यावर, "एका दारात शोकांतिका होते, विनोदी नाटक होत नाही," असे उत्तर मिळाले, आणि ते इतके पटण्यासारखे होते की पुढे कोणी बोलले नाही.

अंदाजपत्रक मात्र बोलले. नेपथ्य 55,000, प्रकाश आणि ध्वनी 30,000, वेशभूषा व रंगभूषा 22,000, नाट्यगृहाचे भाडे, अनामत आणि टेम्पो मिळून 28,000, छपाई व जाहिरात 15,000 आणि तालमींचा चहा-भजी 25,000, अशी 1,75,000 रुपयांची बेरीज झाली. भज्यांचा आकडा पाहून मी चमकलो. पण दोन महिने रोज रात्री चौदा माणसे धरली तर माणशी तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत, हे खजिनदाराने मला कागदावर भागाकार करून दाखवले, आणि भजी कमी केली तर पहिल्या आठवड्यात दोन सावकार आणि नायिकेचा बाप तालमीला यायचे बंद होतील, हे भागाकार न करताही मला ठाऊक होते. संस्थेच्या खात्यात 11,340 रुपये होते, आणि त्यातले पाच हजार गेल्या स्पर्धेच्या वेळच्या टेम्पोवाल्याला देणे बाकी होते. मी शाळामास्तर असल्यामुळे आणि गोव्यातला निम्मा फोंडा तालुका माझ्या हाताखालून गेला असल्यामुळे मला कोणी नाही म्हणणार नाही, असे सर्वानुमते ठरले. ते अक्षरशः खरे निघाले. मला नाही कोणीच म्हणाले नाही.

वास्तविक नाटकवाल्याची पायपीट माझ्यापासून सुरू झालेली नाही. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी मराठीतले पहिले नाटक उभे केले ते चिंतामणराव पटवर्धन या राजेसाहेबांच्या आश्रयाने. 1851 मध्ये राजेसाहेब गेले, दरबाराचा हात आखडला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. फरक एवढाच, की भाव्यांना निदान सुरुवातीला एक राजा पुरला. लोकशाहीत 1,001 रुपयांची पावती फाडणारे पावणेदोनशे राजे गाठावे लागतात, आणि त्यातले निम्मे दुपारी झोपलेले असतात.

त्यात गोव्याचे गणित आणखी निराळे आहे. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा भागात, कार्तिकापासून जत्रांचा हंगाम लागला, की देवळासमोरच्या मंडपात मध्यरात्री नाटक उभे राहते आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर नायक मरतो. गावचा किराणा दुकानदार राजा होतो, पोस्टमन प्रधान होतो आणि प्रेक्षक चटई पसरून, पायाशी खाजे-शेंगदाण्यांच्या पुड्या ठेवून, ते सगळे फुकट पाहतो. देवाच्या दारातल्या नाटकाला तिकीट कसले, ही समजूत इथे इतकी खोल रुजलेली आहे, की मुंबईहून मालिकेतला चेहरा घेऊन आलेल्या नाटकाला पाचशे रुपये मोजणारा सद्गृहस्थसुद्धा स्थानिक संस्थेच्या शंभराच्या तिकिटासमोर, "पास नाही का?" असे अत्यंत दुखावलेल्या आवाजात विचारतो. तियात्राचे, म्हणजे कोकणीतल्या गाण्याबजावण्याच्या नाटकाचे, तसे नाही. 1892 मध्ये मुंबईत जन्मलेल्या त्या खेळाचा प्रेक्षक रविवारी रांगेत उभा राहून तिकीट काढतो. त्याला शहराने पोटापाण्याची सवय लावली आणि आमच्या मराठी नाटकाला देवळाने भक्तीची सवय लावली, असे माझे मत आहे. हे मत मी या दोन महिन्यांत स्कूटरवर बसून बनवले, त्यामुळे त्यात पेट्रोलचा थोडा राग मिसळलेला असू शकेल.

परंतु या भक्तीचा खरा उपद्रव तिकिटापुरता नाही. गावोगाव नाटके होत असल्यामुळे तुम्ही कोणाच्याही दारात उभे राहा, त्या माणसाने आयुष्यात कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला असतो, आणि 'नाटक' हा शब्द तुमच्या तोंडून पडताच त्याच्या आतला तो जुना नट अंगावरची धूळ झटकून उठतो.

पहिल्याच दिवशी मी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालकांनी 1987 मध्ये जत्रेच्या नाटकात औरंगजेब केला होता. त्यांनी तो पुन्हा केला. गल्ल्यामागून सुरुवात करून, खिळ्यांच्या पेट्यांना वळसा घालून, ते रंगाच्या डब्यांच्या मांडणीपाशी येऊन थांबले तेव्हा दुकानात प्लंबर, सुतार आणि अर्धा किलो चुका घ्यायला आलेला एक मुलगा असे आम्ही तिघे-चौघे श्वास रोखून उभे होतो. चाळीस मिनिटांनी बादशहांनी माझ्या हातात 201 रुपये ठेवले आणि दारांना बिजागऱ्या आपल्याकडूनच घ्याव्यात, दहा टक्के सूट देऊ, असे फर्मान काढले. दुसऱ्या दिवशी बँकेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ भेटले. गावच्या नाटकात स्त्रिया काम करत नसत त्या काळात ते नायिका करत, आणि त्यांचा पदर आजही पंचक्रोशीत आठवला जातो, असे त्यांनीच सांगितले. त्यांनी पद सुरू केले. दुसऱ्या अंतऱ्याला त्यांच्या पत्नीने आतून 501 रुपये आणून माझ्या हातात दिले; ते नाटकासाठी होते की मी तिथून उठावे म्हणून होते, हे मला नीट उमगले नाही, पण पावती मी 'नाट्यसाहाय्य' अशीच लिहिली.

ज्यांनी स्वतः काम केलेले नसते, त्यांच्या आजोबांनी मास्टर दीनानाथांना ऐकलेले असते. दीनानाथांचे गाव मंगेशी इथून जवळ असल्यामुळे या दाव्यावर शंका घेता येत नाही. मी मनातल्या मनात एकदा या आजोबांची गिरदी मोजून पाहिली, तर तेवढे लोक एका वेळी ऐकू शकतील असे नाट्यगृह त्या काळी उभ्या गोव्यात नसावे. दीनानाथांनी 1918 मध्ये काढलेली बलवंत संगीत मंडळीसुद्धा पुढे पैशाच्या अडचणीत आली, याचा उल्लेख मी एक-दोनदा सूचक स्वरात करून पाहिला. त्यावर सर्वांनी हळहळून मान हलवली आणि विषय पुन्हा आजोबांवर नेला.

डिचोली-कुडचड्याकडे पूर्वी खाणवाले आणि ट्रकमालक देणगीला मोठा आधार होते, असे जुने कार्यकर्ते सांगतात. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू होऊन 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आणि ताडपत्री टाकून उभ्या केलेल्या ट्रकांबरोबर ती देणगीही उभी राहिली. तिकडच्या एका ट्रकमालकाकडे मी गेलो होतो. त्यानेच मला चहा पाजला आणि शाळेत शिपायाची जागा निघणार आहे का, असे विचारले. त्याच्यासमोर मी पावतीपुस्तक पिशवीतून काढलेच नाही.

मग कोणीतरी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची कल्पना काढली. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 प्रमाणे ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करावे लागतात, आणि त्या कार्यांच्या यादीत कला-संस्कृतीही आहे, हे आमच्या खजिनदाराने इतक्या आनंदाने वाचून दाखवले की त्या रात्री भज्यांची एक फेरी जादा झाली. एका कंपनीच्या थंडगार कार्यालयात आम्ही नोंदणीपत्र, पॅन कार्ड, तीन वर्षांचे लेखापरीक्षण आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारे ऐंशी-जीचे प्रमाणपत्र अशी फाईल घेऊन गेलो. साहेब तरुण आणि फार सभ्य होते. लाभार्थी किती, असे त्यांनी विचारले. नाट्यगृहात जेवढे बसतील तेवढे, असे मी म्हणालो. त्यांच्या जीवनात काय बदल घडेल, असे त्यांनी विचारले. ते हसतील, असे मी म्हणालो. हे हसणे प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर मोजण्याची काही व्यवस्था आहे का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी खजिनदाराकडे पाहिले आणि खजिनदाराने फाईलकडे पाहिले. शेवटी त्यांनी सुचवले की नायक कर्जामुळे मेल्याचे सोंग घेण्याऐवजी ओला आणि सुका कचरा वेगळा न केल्यामुळे पश्चात्तापाने मेल्याचे सोंग घेईल, तर प्रस्ताव पुढे पाठवता येईल. निघताना त्यांनी आम्हाला लिफ्टपर्यंत सोडले आणि हळूच सांगितले, की शाळेत असताना त्यांनी वडाच्या झाडाचे काम केले होते. लिफ्ट येईपर्यंत ते दोन्ही हात पसरून तसे उभेही राहिले.

रोख पैसे निघत नसले तरी गोव्याचा माणूस रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. कोणी दोन डझन नारळ दिले, कोणी तालमीला जागा म्हणून गोठा देऊ केला, एका फोटोग्राफरने स्वतः लिहिलेले चार अंकी नाटक दिले. सगळ्यात मोठी वस्तुरूप देणगी मिळाली ती दाराची. एक जुने पोर्तुगीज धाटणीचे घर पाडायचे चालले होते, आणि मालकांनी त्याचे सागवानी दार, "नाटकाला शोभेल," म्हणून उदार मनाने काढून दिले. ते आणायला सहा माणसे आणि टेम्पोचे 1,800 रुपये लागले. दार आठ फूट उंच होते. आमचे फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरच्या खोट्या भिंती, सात फुटांचे होते. म्हणून फ्लॅट वाढवावे लागले, फ्लॅट वाढवले म्हणून त्यांना मागून टेकू वाढवावे लागले, टेकूंसाठी लाकूड आणले, लाकडासाठी खिळे आणले ते औरंगजेबाकडून. फुकट मिळालेल्या त्या दाराने नेपथ्याच्या खर्चात एकूण 9,600 रुपयांची भर घातली, आणि एवढे होऊनही ते उघडताना देवळातल्या नगाऱ्यासारखा आवाज करी.

स्मरणिकेच्या जाहिरातींनी थोडीफार लाज राखली. मलपृष्ठ दहा हजार, पूर्ण पान तीन हजार, अर्धे पान दीड हजार असे दर ठेवले होते. अर्ध्या पानाचे बहुतेक गिऱ्हाईक 'एक हितचिंतक' या नावाने जाहिरात देतात. नाव छापले तर उद्या दुसरी संस्था दारात उभी राहील, ही त्यांची भीती रास्त आहे. मलपृष्ठ कोणी घेईना. अखेर आमच्या गल्लीच्या टोकाला शवपेट्या बनवणारे शेजारी आहेत, त्यांनी नाटकाचा विषय विचारला. नायक मेल्याचे सोंग करतो, असे सांगताच त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला, आत जाऊन दहा हजार रोख आणून दिले आणि पावतीवर दुकानाचे नाव ठळक लिहायला सांगितले. सगळ्या मोहिमेत भूमिका न सांगता पैसे देणारा हा एकच माणूस. त्यांनी तरुणपणी तियात्रात कांतारे, म्हणजे गाणी, म्हटली होती, हेसुद्धा मला नंतर दुसऱ्याकडून कळले.

आणि भाटकार, म्हणजे इथले जमीनदार. त्यांच्या घरी मी आठ वेळा गेलो. प्रत्येक वेळी त्यांनी मला बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसवले, सोलकढी दिली आणि, "नाटकाक ना कशें म्हणप, मास्तर? पळोवया, पळोवया," असे म्हणून निरोप दिला. 'पळोवया' म्हणजे नुसते 'पाहू या' नव्हे. त्यात नकार नसतो, होकार नसतो, आणि मागणाऱ्याला पुन्हा येण्याचे आमंत्रण मात्र असते. आठव्या खेपेला त्यांनी आपल्या पुतण्याला पुढे केले. पुतण्याला नाटकाचा नाद होता, पाठांतराचा नव्हता. त्याला तिसऱ्या दारातून येणाऱ्या सावकाराचे, एका वाक्याचे काम देण्यात आले.

शुभारंभाचा प्रयोग फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात झाला. देणगीदार, जाहिरातदार, नारळवाले, गोठेवाले आणि त्या सर्वांची कुटुंबे पासावर आल्यामुळे नाट्यगृह भरले. तिकीटखिडकीवर तेवीस तिकिटे गेली, त्यातली चार माझ्या सासुरवाडीची. दुसऱ्या अंकात सावकाराच्या प्रवेशाची वेळ झाली तेव्हा ते सागवानी दार उघडेना. पुतण्याने ढकलले, ओढले, मग आतून दारावर लाथ घालून, पाठ केलेले एकमेव वाक्य विसरून, तो जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, कोणी तरी उघडा रे! पैसे नकोत मला!" सावकाराच्या तोंडचे हे वाक्य ऐकून प्रेक्षक असे हसले, की दिग्दर्शकाने ते पुढच्या प्रयोगासाठी संहितेत लिहून घेतले.

प्रयोग संपल्यावर मी विंगेत बसून हिशेब करत होतो. अजून 16,250 रुपये कमी पडत होते. इतक्यात भाटकार स्वतः आत आले, पुतण्याची पाठ थोपटली, माझा हात हातात घेतला आणि कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. माझा श्वास थांबला. खिशातून एक कोरे करकरीत पावतीपुस्तक निघाले. त्यांच्या कुळागराजवळच्या देवळाच्या जत्रेला यंदा ऐतिहासिक नाटक बसत होते, आणि मास्तरांच्या नावाने पहिली पावती फाडायचा मान ते मला देत होते.

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. नाटकाला नाही कसे म्हणायचे, पळोवया, असे म्हणून मी कॉलेजात असताना केलेल्या तिसऱ्या हवालदाराच्या भूमिकेविषयी त्यांना अगदी सुरुवातीपासून सांगायला लागलो.