तो कालपासून बादलीला लाथा मारतोय

मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायचं काम मी हौसेने पत्करलं. त्यातही वाक्प्रचार हा मधल्या सुट्टीसारखा भाग असेल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच तासाला निकालात निघाली.

त्या तासाला मी फळ्यावर 'किक द बकेट' लिहिलं. अर्थ सांगितला, मरणे. शिवाय रुबाब म्हणून हेही सांगून टाकलं की फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली छापलेल्या उनाड बोलीच्या कोशात हा प्रयोग याच अर्थाने सापडतो. पहिल्या बाकावर काका बसतात. सगळा वर्ग त्यांना काका म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांची उभी हयात हिशेब तपासण्यात गेली. जमा-खर्च जुळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नाही.

"बाई, बादली कुणाची?"

"कुणाचीच नाही काका. नुसता वाक्प्रचार आहे."

"मग 'द' कशाला? गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, ठाऊक असलेल्या वस्तूला 'द'. ही बादली कुणाला ठाऊक आहे?"

मी खडू बदलला. अडचणीत सापडले की मी खडू बदलते.

पुढच्या तासाला काका घरचा अभ्यास करून आले. मी दिलेला नव्हता. 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम.' कर्मणी प्रयोग, व्याकरण निर्दोष. फक्त आता माणूस जिवंत होता आणि बादली लवंडली होती. वाक्प्रचाराला असं उलटंपालटं केलं की त्यातला अर्थ सांडतो आणि नुसते शब्द उरतात, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मग त्यांनी वहीचं पान उलटलं. 'ही हॅज बीन किकिंग द बकेट सिन्स यस्टर्डे.'

"काका, 'डाइंग' चार दिवस चालू शकतं. बादलीला लाथ एकदाच बसते, एका क्षणात. ती कालपासून मारत राहता येत नाही."

"म्हणजे आजारपणात वापरायचं नाही?"

"नाही."

"आणि माणूस गेल्यावर?"

"घरच्यांसमोर मुळीच नाही. थट्टेचा प्रयोग आहे तो."

"मग वापरायचं केव्हा?"

खरं सांगायचं तर मी आयुष्यात तो एकदाही वापरलेला नाही. खडू बदलला.

पावसाचीही तीच गत. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे धो धो पाऊस पडतोय. कुत्री आणि मांजरंच का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. पूर्वी मी गवताच्या छपराची गोष्ट रंगवून सांगायचे. जुन्या काळी ही जनावरं छपरात निजायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. वर्ग खूश, मी खूश. पुढे कळलं की या गोष्टीला काडीचा आधार नाही. (छपराला तरी काड्या असतात.) आता मी उलट विचारते, आपल्याकडे पाऊस मुसळधार पडतो, तेव्हा मुसळाच्या भीतीने कधी कुणी डोकं झाकलंय का? हा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटायचं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मुसळ सरळ तरी पडेल. मांजराचा भरवसा नाही."

गंमत अशी की दोन्ही भाषा जिथे जुळतात तिथे वर्गाचा विश्वास बसत नाही. 'आय ॲम ऑल इअर्स' म्हणजे सर्वांगाचे कान करणं, 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू, असं सांगितलं की सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. इतकं सरळ आहे म्हणजे काहीतरी गोम असणार. आणि खरी गोम असते तिथे डोळे मिटून उडी घेतात.

एक तरुण मुलगा एकदा पडलेल्या चेहऱ्याने तासाला आला. त्याचं साहेबांशी बोलणं इंग्रजीत असतं, म्हणून तर तो शिकायला येतो. त्या दिवशी साहेब त्याला हसत हसत म्हणाले होते, "डोन्ट वरी, आय वॉज ओन्ली पुलिंग युवर लेग."

"मॅडम, बढती का अडकली ते दोन वर्षं कळत नव्हतं. आज स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आणि वर हसतात!"

मराठीत पाय ओढणारा माणूस वर चढणाऱ्याला खाली खेचतो, इंग्रजीत तो नुसती चेष्टा करतो. मी फळ्यावर दोन रकाने पाडून हे समजावलं. पण मुलगा तोवर साहेबांना संदेश पाठवून मोकळा झाला होता. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'सर, प्लीज डोन्ट पुल माय लेग. आय हॅव फॅमिली.' त्याखाली साहेबांचं उत्तर होतं, एक हसरा चेहरा आणि एक वर केलेला अंगठा.

"बघा," तो म्हणाला, "अंगठा दाखवला."

त्याच आठवड्यात मी 'वॉश युवर हँड्स ऑफ इट' घेतलं. अंग काढून घेणे, असा अर्थ मोठ्या अक्षरांत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. आपण 'हात धुऊन मागे लागणे' म्हणतो त्याच्या हे पुरतं उलट आहे, असं तीनदा बजावलं. सगळ्यांच्या माना हलल्या. हलणाऱ्या मानांवर मी अलीकडे फारशी विसंबत नाही.

तरी वाक्प्रचार परवडले. खरा घाम काढतं ते संभाषण. 'हाऊ आर यू' हा प्रश्नच नव्हे, हे मोठ्या माणसाच्या गळी उतरवून बघा. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली असल्या बोलण्याला 'फॅटिक कम्यूनियन' असं नाव दिलं. माहितीची देवघेव नाही, फक्त माणसं धरून ठेवण्यापुरतं बोलायचं. मी काकांना 'हाऊ आर यू' विचारलं. त्यांनी डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. उजव्यापर्यंत पोचेस्तोवर तास संपला.

शिवाय वेळेची पंचाईत. दहा भाषांमधल्या गप्पा तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. पापणी लवते न लवते तोच. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार हवं. माझ्या वर्गात तेवढ्या वेळात मंडळी श्वास घेतात. मग मराठी वाक्य जुळवतात, मग त्याचं भाषांतर, मग काळ, मग तो 'द'. तोवर समोरचा तिसऱ्या विषयावर गेलेला असतो. यावर उतारा म्हणून मी वेळ काढायचे शब्द शिकवले. 'वेल', 'यू नो', 'लेट मी सी'. लगेच एका विद्यार्थिनीला विचारलं, तुमचा आवडता रंग कोणता? ती "लेट मी सी" म्हणाली, पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, लावला, आणि माझ्याकडे बघत बसली.

शेवटी मी जोड्या लावल्या. दोन मिनिटं बोला, शिकवलेले वाक्प्रचार आलेच पाहिजेत. ही माझी घोडचूक. काका आणि तो पाय ओढलेला मुलगा समोरासमोर उभे राहिले.

"इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज."

"ब्रेक अ लेग."

"आय ॲम ऑल इअर्स."

"बेटर लेट दॅन नेव्हर."

"ओन्ली वन्स इन द ब्लू मून," काका म्हणाले आणि हात मिळवून खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

जोनाथन स्विफ्ट या उपहासकार लेखकाने १७३८ साली अख्खं पुस्तक याच प्रकाराची टर उडवायला लिहिलं होतं. बडी मंडळी जमतात, घासून गुळगुळीत झालेली वाक्यं एकमेकांकडे फेकत राहतात आणि बोलत कुणीच नाही. कुत्र्या-मांजरांचा पाऊस त्यातही आहे. त्याने ज्याची थट्टा केली त्याला मी गुण देत होते. दहापैकी नऊ. एक 'द'साठी कापला.

"चंद्र सगळ्यांना ठाऊक आहे, बाई," काकांनी निषेध नोंदवला.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी आभाराचं भाषण काकांकडे होतं. हातात कागद नाही, वही नाही. माझं "प्लीज कम" संपायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"बाई," ते भरल्या गळ्याने म्हणाले, "अदर टीचर्स टीच अँड गो. यू वॉश्ड युवर हँड्स अँड केम बिहाइंड अस."

मला शब्दन्‌शब्द कळला. सवयीने तोंडातून "व्हेरी गुड" निघून गेलं. लगेच भराभर वह्या उघडल्या आणि सगळा वर्ग खाली मान घालून ते वाक्य उतरवून घ्यायला लागला.