तेराव्या नंबरचा डावरा

अमेरिकी बेसबॉलमध्ये शाळेऐवजी कॉलेजातून ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) जाणं म्हणजे मोठ्या संघापर्यंत पोचायला उशीर करणं, असा सूर एका लेखात वाचला. डावऱ्या पिचर्सच्या (चेंडू फेकणाऱ्यांच्या) बाबतीत तो मला पटत नाही. ख्रिस सेलचंच घ्या. २००७ मध्ये, शाळेतून बाहेर पडताना, कोलोरॅडो रॉकीज या संघाने त्याला एकविसाव्या फेरीत निवडलं होतं. त्याने करारावर सही केली नाही आणि फ्लोरिडा गल्फ कोस्ट या नवख्या, फारसं नाव नसलेल्या विद्यापीठात गेला. चार वर्षांच्या कॉलेजात एकदा गेलात की साधारण तीन वर्षं ड्राफ्ट बंद. या तीन वर्षांतच तो घडला. हात खाली आणून, बराचसा बाजूने चेंडू सोडायला लागला. डावखुऱ्या बॅटरला त्याचा स्लायडर (आडवा वळणारा वेगवान चेंडू) पाठीमागून आल्यासारखा वाटतो, बिचारा आधी दचकतो आणि मग बॅट फिरवतो!

२०१० मध्ये कॉलेजकडून १०३ इनिंगमध्ये १४६ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. तरीही बारा जण त्याच्या आधी निवडले गेले. साडेसहा फुटांचा काटकुळा पोरगा आणि त्यात ही विचित्र ॲक्शन, खांदा-कोपर किती टिकणार ही धास्ती. (भीती अगदीच खोटी नव्हती, २०२० मध्ये कोपराचं ऑपरेशन झालंच.) पण शिकागो व्हाइट सॉक्स संघाने जूनमध्ये घेतलं आणि ऑगस्टमध्ये गडी थेट मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च लीगच्या, माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर)! आता याला उशीर म्हणायचं?

आणि हो, त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेलेला मॅनी मचाडो. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) शेवटचा आउट तोच, सेलच्या स्लायडरवर.