सॅम्पल कुणामुळे ‘लाल’ होतं? आयसीयूतल्या सिस्टरांना उत्तर

नमस्कार सिस्टर,

न्यूमॅटिक ट्यूब म्हणजे वॉर्डातून लॅबपर्यंत हवेच्या दाबाने सॅम्पलची डबी पळवणारी पाइप. तिच्या धक्क्यांनी सॅम्पल बिघडू शकतं, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की ट्यूब आल्यापासून तुमची धावपळ वाचली, रिपोर्ट लवकर येऊ लागले, आणि आम्ही लॅबवाले आधी सिस्टरांना दोष देत होतो, आता ट्यूबला देतोय. ‘परत टोचताना पेशंट ओरडतो तो आमच्यावर, तुमच्यावर नाही,’ हे तुमचं वाक्य मला लागलं. ‘हिमोलाइज्ड आहे, रिपीट पाठवा’ (म्हणजे तांबड्या पेशी फुटून सॅम्पल लाल झालंय) एवढंच सांगून मी कित्येकदा फोन ठेवला आहे. त्यामागे चार वर्षांचं मूल असेल, शीर सापडत नसेल, याचा विचार तेव्हा केला नाही. तुमचा राग रास्त आहे.

ट्यूब बंद करा, असं मात्र मी म्हटलेलं नाही. नीट बसवलेल्या ट्यूबमधून सीबीसी, क्रिएटिनिन, बहुतेक नेहमीच्या तपासण्या व्यवस्थित येतात. त्रास होतो तो वळणांवर, एकदम वेग धरताना आणि स्टेशनवर डबी धाडकन आदळताना. डबीत फोम नसेल, रक्ताची बाटली अर्धीच भरलेली असेल, तर आतलं रक्त हिंदकळतं आणि तांबड्या पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम १४०च्या आसपास, बाहेर ३.५ ते ५. थोड्याशा पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. एलडीएच आणि एसजीओटी ही पेशींमधली एन्झाइमंसुद्धा चढतात.

पण पेशी रक्त काढतानाही फुटतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. व्हेनफ्लॉनमधून (सलाइनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीतून) ओढलेलं रक्त, बारीक सुई, सिरिंजचा दांडा जोरात ढकलणं. मग लाल झालेल्या सॅम्पलचा दोष कुणाचा? प्लाझ्माकडे, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणाऱ्या द्रवाकडे, नुसतं बघून ते कळत नाही. आम्ही वर्षानुवर्षं ते कळल्यासारखं बोलत आलो.

ते ठरवायचा एक साधा मार्ग आहे. एकाच पेशंटच्या एकाच टोचणीतून रक्ताच्या दोन बाटल्या भरायच्या. एक डबीत घालून पाठवायची, दुसरी वॉर्डबॉय मामांच्या हाती द्यायची. दोन्ही लॅबमध्ये एकाच वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या. दोन्ही लाल निघाल्या तर रक्त काढतानाच काही झालं. फक्त डबीतली लाल निघाली तर वाटेत झालं. अशा तीस-चाळीस जोड्या प्रत्येक स्टेशनवरून करायला हव्यात, कारण तुमच्या मजल्यावरची पाइप आणि कॅज्युअल्टीची पाइप सारखी नसते. काही लॅब डबीत धक्के मोजणारा छोटा सेन्सर ठेवून बघतात. कंपनीचा माणूस बसवून गेला म्हणजे तपासणी झाली, असं होत नाही. वेगाचं सेटिंग बदललं की ती पुन्हा करावी लागते.

‘लाल नसेल तर सॅम्पल ठीकच,’ हा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. आमच्याकडे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचे (रक्ताच्या एका कॅन्सरचे) एक आजोबा होते, पांढऱ्या पेशी तीन लाखांच्या वर. ट्यूबने आलेल्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम ७.४. प्लाझ्मा स्वच्छ पिवळा, तांबड्या पेशी फुटल्याचं सांगणारा मशीनचा हिमोलिसिस इंडेक्सही गप्प. मी तातडीने फोन केला. वॉर्डात वाढलेल्या पोटॅशियमवरच्या उपचाराची, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि इन्सुलिन-डेक्स्ट्रोजची, तयारी सुरू झाली. ईसीजी मात्र नॉर्मल होता. रेसिडेंटला शंका आली. त्याने रक्त पुन्हा घेतलं आणि स्वतः जिना उतरून घेऊन आला. आकडा ४.२.

अशा पेशंटच्या पांढऱ्या पेशी फार नाजूक असतात, धक्क्याने फुटतात. त्यांच्यात पोटॅशियम असतं, हिमोग्लोबिन नसतं, म्हणून प्लाझ्मा लाल होत नाही. इन्सुलिन गेलं असतं तर आजोबांचं खरं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली घसरू शकलं असतं. तो फोन मी केला होता, आणि वाहतुकीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मूळ लेख मी त्यासाठीच लिहिला.

एबीजीचंही (धमनीच्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीचंही) तसंच. सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा राहिला आणि ती ट्यूबमधून घुसळत आली, तर रक्तातला ऑक्सिजन खोलीतल्या हवेकडे सरकतो. ५५ पीओटू, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असलेला पेशंट रिपोर्टवर बरा दिसू लागतो. म्हणून एबीजी हातानेच आणावी, बुडबुडा काढून, टोपी लावून. प्लेटलेट फंक्शनची सॅम्पलंही चालतच यावीत. यासाठी माणूस मागायचा हक्क वॉर्डाला आहे, आणि लॅबने त्या मागणीवर सही करायला हवी.

तुमच्या लॅबला जोड्यांची तपासणी केली का, हे लेखी विचारा. केली नसेल तर मला कळवा. फॉर्म कसा करायचा, कोणते आकडे बघायचे, हे मी पाठवेन. आणि माझ्या लेखात ‘बहुतेक वेळा रक्त काढतानाच चूक होते’ असं एक वाक्य होतं. आमच्या स्टेशनांवर जोड्या करून न बघता मी ते लिहिलं होतं. आज काढून टाकलं आहे.