बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासू नका

"गाडी चालू ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर गेला." अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासायचा हा सल्ला सगळीकडे फिरतोय. कळकळीने सांगतो, असं करू नका.

मुळात या चाचणीचा निकालच भरवशाचा नाही. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (एसी विजेची डीसी करणारा भाग) गेला तरी बाकीच्यांच्या जोरावर इंजिन चालत राहतं. चार्जिंग कमी पडून बॅटरी बसते ती नंतर. उलट, अल्टरनेटर धडधाकट असूनही केबल काढताच व्होल्टेज वरखाली होऊन इंजिन बंद पडू शकतं.

"बाराच तर व्होल्ट आहेत, काय होणार?" खरी मेख इथेच आहे. उतरलेली बॅटरी भरपूर करंट ओढत असते. त्याच क्षणी केबल सुटली तर तो करंट घेणारं कुणी उरत नाही. अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर आवर घालतो, पण रोटरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) वायंडिंगमधलं चुंबकत्व एका क्षणात ओसरत नाही, आणि तेवढ्यात व्होल्टेज उसळतं. यालाच लोड डंप म्हणतात. आयएसओ 16750-2 या मानकात 12 व्होल्टच्या गाड्यांसाठी याची चाचणी 79 ते 101 व्होल्टची आहे, 40 ते 400 मिलिसेकंदांची! ट्रक-बसच्या 24 व्होल्टच्या यंत्रणेत आकडा 202 पर्यंत जातो. पुष्कळ नव्या अल्टरनेटरांतले झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजच्या वर वाट करून देणारे) 12 व्होल्टच्या गाडीत ही उसळी साधारण 35 व्होल्टांवर अडवतात, हे खरं. पण इंजिन चालू असतानाच्या नेहमीच्या 14 पुढे 35 सुद्धा थोडे नाहीत.

"फ्यूज आहे ना!" फ्यूज जास्त करंटने तापून वितळतो. व्होल्टेज किती चढलं हे त्याला कळतच नाही.

"जुने मेकॅनिक असंच करायचे." करायचे, कारण त्या गाड्यांत पॉइंट, कॉइल आणि बल्ब यांपलीकडे जळण्यासारखं फारसं नव्हतं. आज त्याच वायरिंगवर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचं मॉड्यूल आहे.

तपासायचंच असेल तर मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या टर्मिनलांवर लावा. इंजिन बंद असताना साधारण 12.6, चालू केल्यावर 13.8 ते 14.5. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून पाहा. आकडा 13 च्या खाली घसरत गेला तर अल्टरनेटर उघडायला द्या. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत आकडा मुद्दामच कमी-जास्त केला जातो, तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावूनच निदान करावं.

आणि इंजिन बंद असतानाच बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून बघा. सैल असेल तर आधी घट्ट करा, कारण खड्ड्यात हादरून ते सुटलं तरी हीच उसळी येते.